धोंडूबाईचा शब्द आणि सिस्टरचा केक

कशेळीत धोंडूबाईला नावानं हाक मारणारं माणूस सापडणं कठीण. नवरा ‘अगो’ म्हणायचा, पोरं ‘आये’ म्हणायची आणि उरलेला सगळा गाव ‘धवलारीण’ म्हणायचा. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत जी बाई गाण्यांतून सगळे विधी लावते, ती धवलारीण. एकेका देवाचं नाव घेऊन त्याला मांडवात बोलवायचं, नवऱ्या मुलाला पाटावर बसवायचं, हळद आधी कोणी लावायची ते सांगायचं. तिनं गायचं आणि बाकीच्यांनी तसं करायचं. धोंडूबाई हे सगळं सासूच्या मांडीला मांडी लावून शिकली होती आणि कागदाचा तिच्या या कामाशी काडीचा संबंध नव्हता.

दोन हजार सहा साल उजाडेपर्यंत लग्नं बदलली होती. आता भटजी यायचे, बँड यायचा, आणि हळदीला तर डीजे नसेल तर पाहुणे तोंड वाकडं करायचे. तरी घरोघरच्या म्हाताऱ्या धवलारणीनं तोंड उघडल्याशिवाय हळदीला हात लावू देत नसत, म्हणून तिला बोलावणं यायचंच. धोंडूबाईला हे कळत होतं आणि त्यावरून तिचा पारा चढायचा. एका हळदीला डीजेवाला पोरगा काही केल्या थांबेना, तेव्हा ती हात मांडीवर ठेवून नुसती बसून राहिली. ना गाणं, ना बोलणं. शेवटी नवऱ्या मुलाच्या बापानं स्वतः जाऊन वायर ओढली. मग धोंडूबाईनं पदर सारखा केला आणि जणू काही झालंच नाही अशा थाटात पहिल्या देवाला हाक मारली.

अशा बाईच्या घरात करिष्मा जन्मली. शेंडेफळ. तिच्यावर एक भाऊ, धनेश, तो गोदामांचा माल टेम्पोतून ने-आण करायचा. बाप दाजी. खाडीकाठच्या त्यांच्या भाताच्या खाचरांवर गोदामं उभी राहिली तेव्हापासून दाजीला काम असं उरलं नव्हतं. सकाळी गोदामांकडे चक्कर मारायची, रस्ता अडवून उभ्या असलेल्या ट्रकवाल्यांशी हिंदीत भांडायचं आणि भूक लागली की घरी यायचं, असा त्याचा दिवस जायचा. माणूस साधा होता. पोरीवर त्याचा इतका जीव होता की ती बारावीला कॉलेजात पहिली आली, तेव्हा त्यानं ज्यांच्याशी रोज भांडायचा त्या ट्रकवाल्यांनाही पेढे वाटले.

भिवंडीच्या कॉलेजातल्या बाईंनी करिष्माला दोन नावं सांगितली होती. एक सेंट मार्था, दुसरं सेंट ल्युसी. दोन्ही मुंबईत, दोन्ही नन चालवत असलेली, दोन्ही फक्त मुलींची, दोन्हीकडे मागच्या अंगाला हॉस्टेल. घरून रोज जाणं-येणं शक्यच नव्हतं. कशेळीच्या पुलावर एकदा का कंटेनर आडवा झाला की तिथंच दुपार व्हायची. दोन्हीकडे करिष्माचं नाव लागलं आणि फी भरायची शेवटची तारीखही दोन्हीकडे एकच निघाली, येता सोमवार. आता यातलं एक निवडायचं होतं, आणि कशावरून निवडायचं ते घरात कोणालाच कळत नव्हतं.

“तिथं आपल्या पोरीला प्रार्थनेला बसवतील का?” एवढी एकच शंका दाजीला होती. तसं काही नसतं, असं बाईंनी सांगितल्यावर त्याचं समाधान झालं. उलट ननांकडे शिस्त असते, असं तो आता गोदामाच्या वॉचमनलाही सांगू लागला. धनेशनं दोन्ही कॉलेजांची माहितीची पुस्तकं चाळली आणि खाली ठेवली.

“दोन्ही सेमच हाय. छापा-काटा करा ना. झाला काम.”

धोंडूबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

“पोर देताना कोन छापा-काटा करतो रं? चार वर्सं रवाची हाय ती तिथं.”

“तीन, आये,” करिष्मा म्हणाली.

“तीन त तीन. मी येतंय बघाला.”

खरं तर तिथंच गोष्ट सुरू झाली. करिष्मानं मान वर केली आणि पटकन म्हणाली, “आये, तू कशाला? बाबा येतील ना.”

“तुजा बा ट्रक बघतो. घर मी बघतंय.”

भिवंडीच्या कॉलेजात जायला लागल्यापासून करिष्मा घरात एक आणि बाहेर एक अशा दोन भाषा बोलू लागली होती. घरातही आता बाहेरचीच जास्त यायची. धोंडूबाईला त्याचं वाईट वाटत नव्हतं. पोरगी शिकते म्हटल्यावर जीभ बदलणारच. पण ‘तू कशाला’ हे तिला लागलं, आणि लागलेलं लपवायची सवय तिला नव्हती. त्या दिवशी भाकऱ्या करपल्या आणि कोणाचीही ‘करपल्यात’ म्हणायची छाती झाली नाही.

शनिवारी धनेशनं ओळखीच्याची गाडी आणली आणि तिघं निघाली. धोंडूबाई लग्नाला निघावी तशी निघाली होती. ठेवणीतलं लुगडं, नाकात नथ, पिशवीत नारळ. तिच्या मनात सगळं सरळ होतं. पोर परक्या घरी राहायला जाणार म्हणजे घर बघायला जायचं, आणि घर बघायला जायची एक रीत असते. त्या रीतीत तिचा एक पक्का नियम होता. होकार ठरेपर्यंत समोरच्या घरचं गोड तोंडात घालायचं नाही. पाणी प्या, पान खा, पण गोड खाल्लं की शब्द गेला. मग मागे फिरायचं नाही. खाडीपलीकडच्या एका घरानं जिलबी खाऊन नंतर पोरीला नकार कळवला होता. धोंडूबाईनं त्या घरच्या एकाही लग्नात पुन्हा पाऊल टाकलं नाही. त्यांनी दोनदा माणूस पाठवला, एकदा खुद्द घरमालक आला. ती दारात उभी राहून म्हणाली, “खाल्लेला गोड आधी वोका, मंग बोला.” असली फटकळ बाई.

सेंट मार्थाच्या फाटकातून आत गेलं की पांढऱ्या मेरीमातेचा पुतळा होता, भोवती लाल फुलांच्या कुंड्या. बदामाचं मोठं झाड. व्हरांडा इतका पुसलेला की धोंडूबाईनं चपला हातात घेतल्या. करिष्मानं डोळ्यांनीच तिला त्या पायात घालायला लावल्या.

प्राचार्य होत्या सिस्टर बेनेडिक्टा, मंगळूरकडच्या, चष्मा लावणाऱ्या, ठेंगण्या. इथं नवीन मुलीला समोर बसवून बोलायची पद्धत होती. धोंडूबाई बाजूच्या खुर्चीवर बसली. बोलणं इंग्रजीत चाललं होतं, त्यामुळे ती सिस्टरच्या हातांकडे बघत होती. नखं कापलेली, बोटांवर शाई. कामाचे हात, तिनं मनात नोंद केली. मग सिस्टरनं दाजीबद्दल काहीतरी विचारलं, करिष्मानं ‘लँड’ आणि ‘गोडाऊन’ म्हटलं. मग सिस्टरनं धोंडूबाईकडे बघून हसून काहीतरी विचारलं आणि करिष्मानं उत्तर दिलं.

“हाऊसवाइफ.”

हा शब्द धोंडूबाईला ठाऊक होता. जनगणनेला आलेल्या माणसानं तिला हेच विचारलं होतं, तुम्ही हाऊसवाइफ ना? म्हणजे काय ते तिनं त्याला नीट समजावून सांगायला लावलं होतं आणि मग म्हणाली होती, “न्हाय. धवलारीन लिव.” तो बिचारा कितीतरी वेळ पेन धरून बसला होता.

तिनं करिष्माकडे बघितलं. करिष्मा टेबलाकडे बघत होती.

धोंडूबाईला वाईट वाटलं. सासू गेली तेव्हा वाटलं होतं त्याच जातीचं. ज्या कामानं तिला गावात नाव दिलं, ते काम पोरीनं एका शब्दात पुसून टाकलं होतं, आणि तेही तिच्यासमोर, तिला कळणार नाही असं धरून. नेमकं त्याच वेळी सिस्टरनं टेबलावरची बशी पुढे सरकवली. सिस्टरला नन होऊन त्या दिवशी पंचवीस वर्षं होत होती आणि त्या येईल त्याच्या हातात केकचा तुकडा ठेवत होत्या. धोंडूबाईला हातांना काहीतरी काम हवं होतं, तोंडाला काहीतरी हवं होतं. तिनं तुकडा उचलला आणि खाल्ला.

बोटाला लागलेलं क्रीम पुसताना तिच्या लक्षात आलं. ती मटकन मागे टेकली. पण तोवर तुकडा पोटात गेला होता.

तिथून तिघं सेंट ल्युसीला गेली. तिथंही पांढरा पुतळा, कुंड्या पिवळ्या फुलांच्या. व्हरांडा तितकाच पुसलेला. हॉस्टेलच्या खोल्या तशाच, लोखंडी खाटा तशाच, जेवणघरात तोच वरणाचा वास. फरक एवढाच की इथं कोणी समोर बसवून काही विचारलं नाही. खिडकीपलीकडच्या बाईनं गुणपत्रिका बघितली, फी कुठे भरायची ते सांगितलं आणि पुढच्या मुलीला हाक मारली. कोणी काही खायला दिलं नाही. दिलं असतं तरी धोंडूबाईनं खाल्लं नसतं. गाडीत बसल्यावर करिष्माचा चेहरा उजळला होता.

“मला ल्युसी आवडलं,” ती म्हणाली.

“काय आवडला?” धोंडूबाईनं विचारलं.

“लायब्ररी मोठी आहे.”

लायब्ररी दोन्हीकडे सारखीच होती. तीच कपाटं, त्याच काचा. धोंडूबाईला वाचता येत नसलं तरी कपाटं दिसत होती. पुलावर नेहमीप्रमाणे गाड्या अडकल्या, धनेशनं इंजिन बंद केलं आणि तिघंही आपापल्या खिडकीतून बाहेर बघत बसली.

रविवारी सकाळी अंगणात बोंबील साफ करताना धोंडूबाईनं विषय काढला. दाजी खुर्चीवर पेपर घेऊन बसला होता. करिष्मा दोरीवरचे कपडे काढत होती.

“मार्थालाच जावा लागल,” धोंडूबाई म्हणाली.

करिष्मा वळली. “का? मी ल्युसी सांगितलं ना.”

“मी केक खाल्ला तिथं.”

दाजीनं पेपर खाली केला. त्याला क्षणभर काही उमगलं नाही, आणि उमगलं तेव्हा तो असा हसला की खुर्ची करकरली. “अगो, त्या ननबाईला काय म्हाईत तुजा नियम! तिनं सगल्यांना दिला आसंल केक.”

“तिला न्हाय म्हाईत. मना म्हाईत हाय ना.”

“पन ती काय सोयरीक हाय का?”

“पोर द्याची हाय का न्हाय? मंग सोयरीकच.”

करिष्माच्या हातातले कपडे खाली पडले. “आये, तू वेडी आहेस का? माझं सगळं शिक्षण त्या केकच्या तुकड्यावर ठरवणार तू? एवढंच होतं तर खाल्लास कशाला?”

हा प्रश्न रास्त होता. धोंडूबाईकडे त्याचं उत्तरही होतं, जिभेवर आलेलं होतं. तू हाऊसवाइफ बोल्लीस म्हनून. पण ते तिनं गिळलं. पोरीला चारचौघांत खाली बघायला लावणं तिला जमलं असतं, पण बापासमोर नको वाटलं. तिनं बोंबलाचं डोकं काढून बाजूला टाकलं आणि म्हणाली, “चुकी झाली.”

धोंडूबाईनं चुकी झाली म्हणावं, हे दाजीनं संसारात पहिल्यांदा ऐकलं. तो हसायचा थांबला.

“मंग यावर उपाय काय?” त्यानं विचारलं.

उपाय होता. तोही रीतीतलाच. ज्या घराचं गोड खाल्लं त्या घरी परत जायचं, नारळ द्यायचा, चूक सांगायची. त्यांनी तो नारळ राग न धरता आपल्या हातानं परत केला की शब्द सुटला. मग जायचं तिथं जायला मोकळं. त्या जिलबी खाणाऱ्यांनी एवढं केलं असतं, तरी धोंडूबाई त्यांच्याकडे गायला गेली असती.

“ल्युसीला जा, माजा काय बी म्हनना न्हाय,” ती करिष्माला म्हणाली. “पन आधी मना मार्थाला नेवाचा. शब्द सोरवाचा.”

“मी नाही येणार. त्या सिस्टरला काय सांगणार तू? त्या हसतील आपल्याला.”

“हसूं दे.”

करिष्मा रडली. जेवली नाही. धोंडूबाईही जेवली नाही, आणि दाजी दोघींकडे बघत दोघींच्या वाटचे बोंबील खात बसला, कारण काहीतरी करणं त्यालाही भाग होतं.

सोमवारी गाडी पुन्हा निघाली. करिष्मा आली, कारण फी त्याच दिवशी भरायची होती आणि मार्थाला गेल्याशिवाय आई ल्युसीला येणार नाही, हे तिला पक्कं कळलं होतं. वाटेत ती एकदाच बोलली. “तूच बोल हां त्यांच्याशी. तुला हिंदी येते.”

हिंदी धोंडूबाईला येत होती. भिवंडीत लूमवाल्यांशी, भाजीवाल्याशी, गोदामातल्या हमालांशी ती रोजच चालायची. सिस्टर बेनेडिक्टा टेबलाशी काहीतरी लिहीत होत्या. धोंडूबाईनं नारळ टेबलावर ठेवला आणि उभ्यानंच सुरुवात केली.

“सिस्टर, उस दिन हमने तुमारा केक खाया. वो गलती हो गया.”

सिस्टरनं पेन ठेवलं. चेहरा काळजीचा झाला. “केक? पेट में कुछ गडबड हुआ?”

“पेट अच्छा है. शब्द अटक गया.”

“अटक गया? गले में?” सिस्टर उठल्या आणि पाण्याचा ग्लास भरू लागल्या.

“गले में नहीं, सिस्टर. शब्द. तुमारे पास. वो हमको वापस मंगता.”

सिस्टर ग्लास हातात धरून उभ्या राहिल्या आणि त्यांनी करिष्माकडे बघितलं. धोंडूबाईनंही बघितलं. करिष्मा दाराजवळ होती, कान लाल झालेले. आता दारातून बाहेर जायचं किंवा तोंड उघडायचं, एवढंच तिच्या हातात होतं. धोंडूबाईला त्या क्षणी पोरीची दया आली आणि आपण हट्ट केला तो चुकलाच, असंही वाटून गेलं. ती नारळ उचलायला वाकली.

तेव्हा करिष्मा पुढे आली आणि इंग्रजीत बोलू लागली.

आधी हळू, अडखळत. धोंडूबाईला त्यातलं ‘मदर’ कळलं, ‘मॅरेज’ कळलं, ‘केक’ कळलं. मधेच सिस्टर म्हणाल्या, “हाऊसवाइफ,” आणि प्रश्न विचारावा तशी मान कलती केली.

“नो, सिस्टर,” करिष्मा म्हणाली.

मग तिनं काहीतरी सांगायला घेतलं आणि अडली. पुढचा शब्द तिला इंग्रजीत मिळेना. तिनं आईकडे बघितलं, पुन्हा सिस्टरकडे बघितलं.

“धवलारीण,” ती म्हणाली. “माय मदर इज धवलारीण.”

“धव... ला... रीन?” सिस्टरनं म्हणून बघितलं.

“येस.” आणि मग करिष्मा थांबेचना. इतकी इंग्रजी या पोरीला येते हे धोंडूबाईला ठाऊक नव्हतं. ती बोलत होती आणि बोलताना तिचे हात हलत होते. देवाला बोलावताना उजवा हात असा वर, हळद लावायला सांगताना दोन बोटं अशी खाली. ते हात धोंडूबाईचे होते. मांडवात कोपऱ्यात बसून शेंगदाणे खाणाऱ्या या पोरीनं ते कधी बघितले आणि कधी उचलले, कोणास ठाऊक. सगळ्या न कळणाऱ्या बोलण्यातून तो एक कळणारा शब्द पुन्हा पुन्हा येत होता. धोंडूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिनं लपवलं नाही.

सिस्टर हसल्या नाहीत. ऐकून झाल्यावर त्यांनी करिष्माला काही विचारलं, आणि करिष्मानं आईला सांगितलं, “आये, सिस्टर विचारतान, शब्द सोरवाचा कसा?”

हे तिनं घरच्या भाषेत विचारलं, सिस्टरसमोर. धोंडूबाईनं पदरानं डोळे पुसले.

“त्यांना सांग, नारल हातात घ्या. राग न्हाय ना, ता बगा. आन मंग मना परत द्या.”

सिस्टरनं नारळ दोन्ही हातांत घेतला. जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या, म्हणजे खरंच राग आहे का ते बघत असाव्यात. मग त्यांनी तो धोंडूबाईच्या ओंजळीत ठेवला आणि म्हणाल्या, “अब आप फ्री.”

बाहेर बदामाच्या झाडाखाली धनेश ताटकळत होता. त्यानं घड्याळ दाखवलं. ल्युसीची खिडकी बंद व्हायला आता फार वेळ नव्हता.

“चल गो,” धोंडूबाई म्हणाली. “शब्द सुटला. आता ल्युसीला जाव.”

करिष्मा झाडाच्या पारावर बसली.

“काय गो झाला? पाय दुखतान का?”

“आये, लायब्ररी दोन्हीकरं सारखीच हाय.”

“मना म्हाईत हाय.”

“ल्युसी आवडला कारन तिथं कोनी इचारलाच नव्हता, आई काय करते ता.” तिनं आईकडे बघितलं नाही. “इथं मी खोटा बोल्लेली. मना वाटला, तू हॉस्टेलवर येशील, लुगरा नेसून, आन त्यांना समजल. म्हनून मना इथं याचाच नव्हता.”

धनेश काहीतरी बोलणार होता. धोंडूबाईनं हातानंच त्याला गप्प केलं. तिला राग येईल असं तिला स्वतःलाच वाटलं होतं, पण राग आला नाही. खोटं का बोलतात हे तिला कळत होतं. नव्या घरी पाऊल टाकताना माहेरचं काय काय लपवतात पोरी, हे तिनं उभ्या हयातीत बघितलं होतं. आपली पोर त्यातलीच एक, एवढंच.

“आन आता?” तिनं विचारलं.

“आता इथं सांगून झाला ना सगला.” करिष्मा उठली आणि कपडे झटकले. “मना इथंच रवाचा.”

“बग हां. मी काय बोल्ली न्हाय. केकचा काय बी राह्यला न्हाय आता.”

“म्हाईत हाय.”

दोघी परत आत गेल्या. सिस्टर बेनेडिक्टांनी त्यांना दारात बघितलं आणि आता यांचं काय अडकलं, अशा नजरेनं चष्मा वर केला. करिष्मानं त्यांना इंग्रजीत सांगितलं. सिस्टरचा चेहरा खुलला आणि त्यांनी फीची खिडकी कुठे आहे ते हातानं दाखवलं. पण धोंडूबाई जागची हलेना.

“सिस्टर, कुछ मीठा है?”

केक तर शनिवारीच संपला होता. सिस्टरनं टेबलाचा खण उघडला, चाचपला आणि खोकल्यावर चघळायच्या पेपरमिंटच्या गोळ्यांचं पाकीट काढलं. एवढंच होतं. त्यांनी एक गोळी काढून धोंडूबाईपुढे धरली.

धोंडूबाईनं हात पुढे केला नाही.

“पयली हिला द्या,” ती म्हणाली. “शब्द आता हिचा हाय.”

करिष्मानं गोळी घेतली आणि तोंडात टाकली.